लाखेने सांधलेली गाडी

आमच्या घरी गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. सौंदडच्या स्टेशनाकडून ती गावात वळली की इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक शीळ लागलेली असायची, कुकरची शिटी होण्याआधी वाफ सुरसुरते तशी. माय भाताचं गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवायची आणि म्हणायची, "आले तुये बाबा." बाबा पायरीवर चपला काढेपर्यंत भात ताटात वाफाळत असायचा, बाजूला लाखोळीच्या डाळीचं वरण, हिवाळा असेल तर मीठ घालून उकडलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. ती शीळ हा गाडीचा दोष आहे असं आमच्यापैकी कोणाला कधी वाटलं नाही. तो तिचा आवाज आहे, अशी आमची समजूत होती. हल्ली मी ज्या गाडीत बसते तिचं इंजिन चालू आहे की बंद हे कळायला समोरच्या दिव्यांकडे बघावं लागतं. त्या घरातल्या कुठल्याही माणसाला ही गोष्ट सांगितली असती तर त्याने ती गाडी बिघडली आहे असंच म्हटलं असतं.

आमचं घर रेल्वे लाइन आणि हायवे यांच्या मधे होतं. एका बाजूने मालगाड्या जायच्या, दुसऱ्या बाजूने नागपूर-रायपूर ट्रक. त्यामुळे घरात सगळेच जरा मोठ्याने बोलायचे. बाबा अनेक वर्षं त्याच रस्त्यावर ट्रक चालवत होते. वडिलोपार्जित धानाची शेती मोठबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बघायचे. ते थकले तेव्हा बाबा स्टेअरिंग सोडून बांधावर आले, पण ट्रक त्यांच्या अंगातून गेला नाही. जेवायला बसले तरी पाय क्लचवर असल्यासारखा पुढे ताणलेला असायचा. कुठेही थांबले की उजवा पाय हळूहळू हलत राहायचा. ट्रकवाल्याची ही सवय असते. गाडी उभी असली तरी तो तिला रेस देत राहतो, जुनं इंजिन बंद पडू नये म्हणून. ही सवय मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण पुढे सगळा घोळ तिच्यामुळेच लांबला.

ट्रकच्या दिवसांत त्या रस्त्याच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरकडे लाल गाडी होती. बुटकी, रुंद, जमिनीला पोट टेकेल अशी. बाबांचा भरलेला ट्रक जंगलातला चढ चढू लागला की ती मागून यायची, एकदा गुरगुरायची आणि बाजूने निघून जायची. बाबा हे वर्णन आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की ती गुरगुर मला पाठ होती. इंजिनिअरची बदली झाली तोवर गाडी म्हातारी झाली होती, ती बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं आणि तिचे पार्ट मिळेनासे झाले होते. बाबांनी ती घेतली. मोठबाबांनी अंगणात उभं राहून तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "इच्यात धानाचे कट्टे कोठी ठेवशीन गा, देवराम?" बाबा म्हणाले, "कट्टे नाही ठेवाचे. एकदा ट्रकले मांगं टाकाचा हाये, बस."

पुढे काही वर्षं त्यांनी मनसोक्त ट्रक मागे टाकले. मग त्यांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. आधी ते समोरून येणाऱ्या दिव्यांना शिव्या देत. मग एकदा दिवसाढवळ्या गाडी धानाच्या बांधीत उतरली. नागपूरच्या डॉक्टरांनी उपचार लांबतील असं सांगितलं आणि तोवर गाडी चालवायची नाही अशी ताकीद दिली. गाडी सपरीच्या छपराखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्या टपावर बसू लागल्या. आमचं येणंजाणं मोठबाबांच्या मुलाच्या सवडीवर आलं. दवाखान्याचा दिवस असला की माय सकाळपासून नवं लुगडं नेसून ओसरीवर बसायची, आणि तो दुपारी येऊन म्हणायचा, "उद्या जाऊ ना, काकी."

असंच एकदा तिने नेसलेलं लुगडं बदललं, बाहेर येऊन कोंबड्या हाकलल्या आणि बाबांना सांगितलं, "मी शिकतो गाडी." आमच्याकडे बायाही 'मी शिकतो, मी जातो' असंच बोलतात. पुढे मी पुण्याला वर्तमानपत्राच्या डेस्कवर लागले, तेव्हा पहिल्या वर्षी लोक मला यावरून बरंच हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांना वाटलं, चार दिवसांत हौस फिटेल. त्यांनी तिला गोंदियाला नेऊन शिकाऊ लायसन्स काढून दिलं आणि शाळेमागच्या मोकळ्या आखरावर शिकवणी सुरू झाली. मी बारावीला होते. अभ्यासाचं पुस्तक घेऊन मागच्या सीटवर बसायचे आणि पुस्तक उघडायचे नाही.

बाबा डाव्या सीटवर बसत आणि उजवा हात हँडब्रेकवर ठेवत. तो हात तिथून कधी हलत नसे. माय थोराड बांध्याची, उंचीने कमी. सीटवर तिने घडी केलेली गोधडी घेतली होती. आखरावर गाडी बरी चालायची. रस्त्यावर नेली, जरा तापली आणि माय वळणावर किंवा गुरांसाठी थांबली, की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं.

"पाय हळू सोड ना वं."

"हळूच सोडून राहिली ना."

"मंग बंद काऊन पडली?"

"थे तिले पुसा. मले कायले पुसता?"

मग बाबा उतरून स्वतः चालकाच्या जागी बसायचे, चावी फिरवायचे, उजव्या पायाने रेस देत ठेवायचे आणि म्हणायचे, "पाह्य. माया हाती पडते का बंद?" पडत नव्हती. हे खरं होतं आणि हाच पुरावा होता. सडक अर्जुनीच्या मिस्त्रीलाही बाबांनी गाडी दाखवली. त्याचा सगळा जन्म ट्रकच्या डिझेल इंजिनांत गेला होता. त्याने क्लचची प्लेट तपासली, मायकडे बघितलं आणि निकाल दिला, "भाभी, क्लच चकाचक है. पाँव का मामला है." घरी आल्यावर मायने पाट्यावरच्या चटणीला इतका जोर लावला की वरवंटा पाट्यावरून घसरला.

एक गोष्ट सांगायला हवी. मायचा क्लच खरोखरच चांगला नव्हता. गाडी बेडकासारखी उडी मारून निघायची. पण उडी मारणं वेगळं आणि थांबल्यावर मरणं वेगळं, हे ती सांगत होती आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. मीही नाही.

मग रेल्वे फाटकाचा प्रसंग झाला. मालगाडी गेली, फाटक उघडलं आणि दोन्ही बाजूंनी अडकलेली वाहनं एकदम सुटली. आमची गाडी सगळ्यांत पुढे होती आणि ती सुटली नाही. माय चावी फिरवत होती, इंजिन धरत होतं आणि सोडत होतं. मागे ट्रकांचे हॉर्न लागले. एक ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. बाबांचा जुना ओळखीचा निघाला. "देवरामभाऊ! स्टेरिंग वहिनीले देल्लं का गा? मंग तुमी काय, घंटी वाजवता?" शेजारच्या क्लीनरने भर घातली, "चावीवर चालते का ढकलून चालते, भाभी?" बाबा उतरले. ज्या रस्त्यावर त्यांचं नाव होतं, त्याच रस्त्यावर त्यांनी आणि दोन क्लीनरांनी लाल गाडी ढकलत रुळांपलीकडे नेली. डोळ्यांमुळे त्यांना कोण हसतंय ते दिसत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांकडेच बघत होते.

घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. मोठबाबांपर्यंत बातमी आधीच पोचली होती. गाडी विकून टाकायची म्हणून त्यांनी गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याच्या पोराचं नाव काढलं. त्याला अशा जुन्या, वेगवान गाड्यांचा नाद होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो बघायला येणार असं ठरलं. "आपले पूर्वज माळव्यातून घोड्यावर बसून आले," मोठबाबा म्हणाले, "अन् तू बायकोच्या बाजूले बसून जाशीन?" ते गेल्यावर माय दाराशी येऊन उभी राहिली.

"गाडी बंद पडते म्हून इकून राहिले, का मी चालवतो म्हून?"

"दोन्ही एकच हाये," बाबा म्हणाले.

तिला काय हवं होतं ते ती कधी सजवून बोलली नाही. तिला कोणाला न विचारता घरातून निघता यायला हवं होतं. माहेरी दवनीवाड्याला, गोंदियाच्या बाजाराला, आणि सगळ्यांत आधी बाबांना नागपूरच्या दवाखान्यात न्यायला. गाडी गेली असती तर हे सगळं पुन्हा ओसरीवर येऊन बसलं असतं.

धानाची मळणी संपत आली होती. आमच्याकडे धान साठवायची ढोली होती, बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली, माणसाहून उंच. नवं धान भरायच्या आधी माय तिच्यात कडुलिंबाचा पाला जाळायची, तोंड झाकायची आणि बाहेरून फिरत धूर कुठून निघतो ते बघायची. जिथून धूर, तिथे भेग, तिथे माती. त्या दिवशीही ती धुराने डोळे चोळत ढोलीभोवती फिरत होती, आणि मधेच थांबली. मला म्हणाली, "शालू, थे शीळ कोठून येते वं गाडीतून?" मी म्हटलं, इंजिनातून. ती म्हणाली, "इंजिनात कोठून?"

तिने देवघरातली उदबत्ती पेटवली आणि गाडीचं बॉनेट उघडलं. गाडी सुरू केली तर धूर सरळ वर गेला. कुठेच काही नाही. बाबा ओसरीवरून ओरडले, "अवं, पेट्रोलची गाडी हाये! घर जाळतेस का?" माय म्हणाली, "जळलं तं इकाचं काम वाचन." पण थंड गाडीत काही दिसत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणी तिथेच सोडून दिलं असतं. मायने गाडी आखराला चार चकरा मारून तापवून आणली, पुढचा पंखा फिरून थांबण्याची वाट बघितली आणि मग उदबत्ती इंजिनाच्या मागच्या अंगाला नेली. तिथे इंजिनात हवा नेणारी काळ्या प्लास्टिकची नळ्यांची जुडी असते, हाताच्या पंजासारखी, प्रत्येक बोट एकेका सिलिंडरला जोडलेलं. तिला मॅनिफोल्ड म्हणतात हे मला नंतर कळलं. दुसऱ्या बोटाच्या खालच्या बाजूला उदबत्तीचा धूर वाकला, दोऱ्यासारखा बारीक झाला आणि आत गेला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. इंजिन तेवढ्यात थरथरून बंद पडलं. गाडीत कोणीच नव्हतं. क्लचवर कोणाचा पाय नव्हता.

"ढोलीतून धूर बाहीर येते," माय म्हणाली. "अठी अंदर जाऊन राहिला."

बाबांना तिने हाताला धरून आणलं आणि त्यांचं बोट त्या जागी टेकवलं. केसाएवढी भेग होती. थंड असताना मिटलेली, तापली की उघडणारी. बाबांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. "यानं काय होते? माया ट्रकची अख्खी नळी फुटली होती, रायपूरवरून आलो तसाच." हे अगदी खरं होतं. डिझेलच्या इंजिनाला जास्तीची हवा शिरली तर फारसं काही वाटत नाही. पेट्रोलच्या इंजिनाचं तसं नसतं. त्याला मोजून दिलेली हवा लागते, आणि पाय उचलला की त्या भेगेतून शिरणारी चोरटी हवा त्याचा जीव घेते. बाबा पाय उचलतच नव्हते. सगळ्या तालुक्यातले मिस्त्री आणि ड्रायव्हर डिझेलवर वाढलेले. त्यांच्या कानांना ती शीळ ऐकू येत होती, पण ती त्यांच्या लेखी तक्रार नव्हती.

बाबांना पटलं नाही, पण भेग दिसली की ती बुजवायची हे त्यांच्या हाताला पटलं. आमच्या भागात पळसावर लाख होते. विळ्याचं पातं मुठीत बसवायचं असो, गळकी बादली असो, की खुरप्याचा दांडा, लाख तापवायची आणि भरायची. त्यांनी लाखेची कांडी निखाऱ्यावर धरली, डोळ्यांऐवजी बोटांनी जागा शोधली आणि भेग इतकी सुरेख भरली की विळ्याची मूठ वाटावी. गाडी सुरू झाली. शीळ नव्हती. मायने पाय उचलला. इंजिन शांतपणे चालत राहिलं. बाबा म्हणाले, "उद्या सकाळी सडक अर्जुनीपर्यंत जाऊन पाहू. गिऱ्हाईक परवा येते."

सकाळी आम्ही निघालो. मायने चुलीवर लाखोळीचे वडे तळून फडक्यात बांधून घेतले होते. गाडीभर तेलाचा आणि लसणाचा वास. बाबांचा हात हँडब्रेकवर. रेल्वे फाटक बंद होतं. गाडी उभी राहिली आणि बंद पडली नाही. मालगाडीचे डबे जात राहिले आणि आमच्या पायाखाली इंजिन एका सुरात चालत राहिलं. फाटक उघडलं आणि माय बेडूकउडी मारून निघाली. हायवेला लागल्यावर मी पहिल्यांदा ती गुरगुर ऐकली, बाबांनी सांगितलेली. शीळ तिच्यावरून निघून गेल्यामुळे ती आता स्वच्छ ऐकू येत होती. सडक अर्जुनीच्या अलीकडे गुरं आली, माय थांबली, निघाली. ढाब्यांपाशी ट्रक वळत होते, ती थांबली, निघाली. तिने बाबांकडे बघितलं नाही. मी आरशातून तिचा चेहरा बघत होते. ती ओठ आत घेऊन हसू दाबत होती.

परतीच्या वाटेवर शीळ परत आली. आधी मला भास वाटला. मग ती वाढली. माय एका ढाब्यासमोर बाजूला घ्यायला हळू झाली, पाय उचलला, आणि इंजिन थरथरून मेलं. अगदी पूर्वीसारखं.

बाबा उतरले आणि चाचपत बॉनेट उघडलं. लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात येतो तसा गोड, जळका वास आला. लाख वितळून ओघळली होती आणि तिची गर्द तांबडी तार भेगेतून आत ओढली गेली होती. बाबा तसेच वाकून उभे राहिले. मला वाटलं, आता सगळं संपलं. सकाळभर चाललेली गाडी पुन्हा मेली होती आणि उद्या गिऱ्हाईक येणार होतं. मायने स्टेअरिंगवरचे हात काढले नव्हते.

बाबा तिच्या खिडकीशी आले.

"क्लच नाही तुया," ते म्हणाले.

"आत्ता समजलं?"

"सकाळपासून तूच चालवून राहिली. लाख होती तवरी चालली. लाख गेली, बंद पडली." हे त्यांनी आमच्यापेक्षा स्वतःला सांगितलं. मग ते म्हणाले, "येवढे दिवस शीळ आयकून राहिलो, अन् काय आयकलं!"

"ढोली लिंपणाऱ्या बाईले पुसलं असतं," माय म्हणाली, "तं माती लावून देल्ली असती."

दोघं हसली. इतक्या जोरात की ढाब्यावरचा पोऱ्या चहा घेऊन न मागता आला. ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडून बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणली आणि ती भेगेवरून, नळीभोवती, बैलाच्या पायाला बांधतात तशी ताणून गुंडाळली. आम्ही घरी निघालो. शीळ होती, पण बारीक, फडक्याआडून आल्यासारखी. फाटकाशी माय थांबली. इंजिन डगमगलं आणि तगलं. मी बाबांच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्यात अर्धा वडा होता.

गिऱ्हाईक आलं. हसरा, बोलका मुलगा होता. गाडीभोवती फिरून म्हणाला, "अंकल, चीज तो बढ़िया है." बाबा म्हणाले, "हाये. पण इले छेद हाये, अन् आमचा आमाले मालूम हाये. आमच्याच कामाची हाये थे." मोठबाबा भडकले. त्यांनी पुन्हा माळव्याचे घोडे बाहेर काढले. बाबा म्हणाले, "भाऊ, त्या घोड्याइवर बी कोनी मांगं बसलंच असन ना?" मुलाने दोन वडे खाल्ले, मायला तिसरा मागितला आणि रिकाम्या हाताने गोंदियाला परत गेला.

बाबांच्या एका जुन्या ट्रकमित्राने नागपूरच्या कबाडी बाजारातून तसल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचं मॅनिफोल्ड शोधून आणलं. ते बसवल्यावर शीळ कायमची गेली. त्याची एक अडचण झाली, जी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ऐकून भात उतरवणारी माय आता गाडीत असायची, आणि घरी चुलीपाशी असलेल्या मला गाडी आल्याचं कळायचं नाही. त्या हिवाळ्यात आम्ही बराच लागलेला भात खाल्ला. जुनं मॅनिफोल्ड सपरीच्या खुंटीला टांगलेलं होतं. त्याच्या दुसऱ्या नळीत लाखेची तार तशीच होती, आणि दुपारचं ऊन त्यावर पडलं की ती माणकासारखी लाल दिसायची.

बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांना नागपूरहून मायनेच आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अजून धूसर. मी मागे बसले होते, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. साकोलीच्या अलीकडे जंगलातला चढ लागला आणि पुढे एक भरलेला ट्रक घोंगावत चढत होता. बाबांना तो दिसत नव्हता. त्यांनी मान जरा वळवून कान दिला.

"धानाचा हाये," ते म्हणाले. "भरून हाये. सेकंड गिअरात टाकला त्यानं."

मायने आरसा बघितला, हॉर्न दिला, गिअर खाली घेतला. लाल गाडी गुरगुरली. ट्रकचा आवाज आमच्या डाव्या अंगाला आला, तिथे क्षणभर राहिला आणि मागे पडत गेला.

"टाकला का मांगं?"

"कवाच," माय म्हणाली.

बाबांनी सीट थोडी मागे केली. जरा वेळाने मी पुढे वाकून बघितलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते झोपले होते, आणि उजवा पाय हलत नव्हता.